रास्तचा गंधार वाजवला की बँड म्हणतो बेसूर. काय करू?

गजवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, कारण थोडक्यात विचारला की लोक "रियाज वाढव" एवढं लिहून मोकळे होतात.

मी शाळेत असल्यापासून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून, तसं. विशारद झाले, मग नोकरी लागली आणि शनिवार पेठ ते हिंजवडी या रोजच्या वारीत गज कपाटात गेला. आता पुन्हा हातात घेतलाय. मध्यंतरी विश्वमोहन भट्टांची जुनी रेकॉर्डिंग शोधताना सायमन शाहीन यांच्याबरोबर केलेलं 'सल्तनह' (१९९६) सापडलं. हा उद (अरबी तंतुवाद्य) वाजवणारा माणूस कोण म्हणून खणत गेले तर कळलं की तो व्हायोलिनही तितक्याच ताकदीनं वाजवतो आणि रचनाही स्वतःच्या करतो. जन्म १९५५ चा, गॅलिलीतल्या तर्शीहा गावचा. वडील उदवादक, त्यामुळे अरबी संगीत घरातलंच. पाश्चात्त्य अभिजातचं रीतसर शिक्षण, १९८० पासून मुक्काम न्यूयॉर्कला. तिथे 'कंतारा' नावाचा बँड काढला, त्यात जॅझवाले घेतले. त्यांचा २००१ चा 'ब्लू फ्लेम' ऐकला आणि माझं डोकं फिरलं. तान अरबी, खालची लय जॅझची, आणि कुठेही जोड दिसत नाही.

आता अडचण. ऑफिसातल्या तिघांचा छोटा बँड आहे, गिटार, बेस आणि काहोन, म्हणजे हातानं वाजवायचा खोक्याचा ड्रम. त्यांनी मला बोलावलं. मी एक रचना बांधलीय. सुरुवात रास्त मकामात (मकाम म्हणजे साधारण त्यांचा राग), मग दहा मात्रांचा समाई, मग गिटारचा सोलो जॅझच्या स्विंगमध्ये. रास्तमध्ये गंधार आणि निषाद दोन्ही कोमल-शुद्धच्या मधले लागतात. मी तो गंधार लावला की गिटारवाला थांबतो. त्यानं मेजर कॉर्ड धरली तरी घाण वाटतं, मायनर धरली तरी घाणच. परवा त्यानं फोनवर ट्यूनर लावून माझ्यासमोर धरला. सुई लाल. "बघ, पन्नास सेंट खाली आहेस." म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्मं.

गुरुजींना वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "हा कोमलही नाही, शुद्धही नाही. मग हा आहे कोण?" आणि असलं वाजवून हात बिघडवू नकोस म्हणाले.

तर मी बेसूर आहे, की बाकीचे मला बेसूर ठरवतायत? आणि कॉर्डबरोबर हा स्वर वाजवायचा तरी कसा?

डेक्कनचा_गिटारिस्ट

तुझ्या गिटारवाल्याची बाजू मांडतो, कारण बिचाऱ्याचे पडदे ठोकलेले आहेत. त्याला मधला गंधार मिळणारच नाही.

पण खरी गोची वेगळीच आहे. जॅझमध्ये साथ करताना आम्ही बहुतेक वेळा कॉर्डचे सगळे स्वर वाजवतच नाही. मूळ स्वर बेसवाला बघतो. आम्ही तिसरा आणि सातवा धरतो, कारण कॉर्ड मेजर की मायनर की डॉमिनंट हे तेच दोन ठरवतात. आणि रास्तमध्ये नेमके तेच दोन मधले आहेत! म्हणजे तो जितकी सफाईदार साथ करेल तितकी ती तुझ्या अंगावर येईल.

उपाय: त्याला ग आणि नी सोडायला लाव. चौथ्या-चौथ्यावर रचलेल्या कॉर्ड घ्यायच्या, रे-प-सा किंवा प-सा-म. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनबरोबर मकॉय टायनर पियानोवर अशा चौथ्यांच्या कॉर्ड भरपूर वापरायचा. त्यात ना ग आहे ना नी, तू मधे काय हवं ते वाजव. आणि दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलायचा सोस सोडा. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसनं एकाच स्वरमालेवर आठ-आठ, सोळा-सोळा बार थांबून दाखवलं. तो ढंग तुमच्या आलापीला जवळचा आहे.

एवढी कटकट नको असेल तर रास्तच सोड. हिजाझ म्हणजे आपला बसंतमुखारी. कुर्द म्हणजे भैरवीचे स्वर, अजम म्हणजे बिलावल, नहावंद साधारण किरवाणी. सगळं गिटारवर मिळतं.

रमणबाग_जुना

गुरुजी बरोबर बोलले. आधी एक तरी राग तासभर वाजवून दाखवा, मग कैरोला जा. सवाई रमणबागेत भरायचा तेव्हा रात्रभर बसून ऐकणारे आम्ही. आता मिसळीवर चीज घालणारी पिढी आली, ती संगीतात तरी वेगळं काय करणार? व्हायोलिन, गिटार, उद आणि काहोन एकत्र वाजले की त्याला फ्यूजन म्हणायचं आणि कुणाचंच व्याकरण पाळायचं नाही, ही सोय आहे. बाकी चालू द्या.

कुवेतरिटर्न_काकू

गजवाली, तू बेसूर नाहीस. निदान ट्यूनर म्हणतो म्हणून तरी नाहीस. पन्नास सेंट खाली म्हणजे पुस्तकातला पाव स्वर झाला, सुईनं तुला शाबासकीच दिलीय. पण त्या शाबासकीवरही जाऊ नकोस. सांगते.

आधी तुझं वाद्य. सा-प-सा-प लावतेस ना? मग षड्ज पांढरी पाच धर. झालं, तुझं व्हायोलिन अरबी लागलं. पाश्चात्त्य लावणी जी-डी-ए-ई. बरेच अरबी वादक वरच्या दोन तारा एकेक स्वर उतरवून जी-डी-जी-डी करतात, म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, आणि वर पुन्हा तेच. कर्नाटक संगीतातले सगळे आणि आपल्यातले कितीतरी जण हेच करतात, फक्त षड्जाची पट्टी वेगळी. मोकळ्या तारा मागे घुमत राहाव्यात ही गरज तिघांचीही सारखी, म्हणून तोडगाही तोच निघाला. परंपरेनं रास्तचा षड्ज पांढरी एक, पण पाचवर वाजवलास म्हणून कुणी पोलीस बोलावणार नाही.

माझं शिक्षण आधी पुण्यातच झालं, तुझ्यासारखंच मांडी घालून. मग ह्यांच्या नोकरीपायी ऐन उमेदीची वर्षं कुवेतमध्ये गेली. तिथे एक इजिप्शियन मास्तर मिळाले. मला वाटलं, पहिल्यांदा खांद्यावर घ्यायला लावतील. त्यांनी माझी बैठक नीट बघितली आणि म्हणाले, अशीच बस. बदलली ती एकच गोष्ट, गंधारावर जायची वाट.

आपल्या हाताला सवय मींडेची. गंधार लावायचा म्हणजे आपण रिषभावरून घसरत जातो किंवा मध्यमावरून उतरतो, आणि कानाला पटलं की थांबतो. थोडं इकडेतिकडे झालं तरी मींड झाकून घेते. मास्तरांनी मींड बंद केली. दुसरं बोट थेट टाकायचं, पहिल्या आणि तिसऱ्या बोटाच्या मध्ये, दोघांनाही न चिकटता. टाकलं की हलवायचं नाही. चुकलं तर उचलून पुन्हा टाकायचं, सरकवून दुरुस्त करायचं नाही. मला सरकवताना पकडलं की ते गजाला हात लावून आवाजच थांबवायचे. महिनोन्‌महिने हे चाललं. मींड नंतर परत दिली, पण तोवर बोटाला घर सापडलेलं होतं.

दुसरं म्हणजे एकटा गंधार त्यांनी कधीच वाजवू दिला नाही. सा रे ग म, म ग रे सा, रे ग रे, म ग म. चार स्वरांचा हा तुकडा, त्याला ते जिन्स म्हणतात, तो एकत्रच शिकायचा. मकाम अशा तुकड्यांचा बनतो. खाली रास्तचा तुकडा, वर पंचमावर पुन्हा रास्तचाच. निषाद चढताना मधला आणि उतरताना बहुधा कोमल. तुला खमाज-देस येतात ना? चढताना एक नी, उतरताना दुसरा, ही सवय तुझ्या हातात आहेच. ती इथे कामाला लाव.

गुरुजींना उत्तर द्यायचं असेल तर (देऊ नकोस, पण द्यायचंच असेल तर) दरबारीतला गंधार त्याच ट्यूनरला दाखव. सुई तिथेही थाऱ्यावर राहायची नाही. तो गुरुजींना चालतो कारण आयुष्यभर त्यांनी तो मध्यम-रिषभाच्या संगतीत ऐकलाय. रास्तचा गंधार कैरोत एका जागी, तुर्कस्तानात बराच वर, शुद्धाच्या जवळ. १९३२ साली कैरोत मोठी परिषद भरली होती, बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपातले संगीतकारसुद्धा गेले होते. सप्तकाचे सारखे चोवीस भाग करावेत का यावर तिथे भरपूर खल झाला. कागदावर चोवीस भाग राहिले, वाजवणारे आपल्या कानानं वाजवत राहिले. म्हणून म्हटलं, पन्नास सेंटवरही जाऊ नकोस. जुन्या वादकांचं ऐक. सामी अल-शव्वा हे नाव शोध. जन्म १८८५. अरबी संगीतात व्हायोलिनला मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत.

आता गिटारिस्ट बाळा, तुझा रे-प-सा पसंत आहे. बसंतमुखारीचं मात्र पटलं नाही. स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही हे तुला इथे पेठेत कुणीही सांगेल, मग मकाम कसा जुळेल? हिजाझमध्ये कोमल रिषभ किंचित वर आणि गंधार किंचित खाली घेतात, त्यामुळे मधली दरी गिटारवर असते तेवढी रुंद राहत नाही. आणि चाल निराळी. आपण यमन गाताना मध्येच भैरवचा तुकडा आला तर लोक चपला शोधतील. तक्सीममध्ये, म्हणजे त्यांच्या आलापीत, वादक रास्तवरून निघून पंचमावर हिजाझ धरतो, बयाती चाटून येतो आणि समेवर यावं तसा रास्तवर उतरतो. तो गेलाच नाही तर त्यांचे लोक कंटाळतात. उतरण चांगली झाली की ओरडून दाद देतात, आपल्यासारखं मान डोलावून भागत नाही.

आणि एक सांग. ब्लूज वाजवताना तू तिसऱ्या स्वराची तार ओढतोस ना, मायनर आणि मेजरच्या मध्ये कुठेतरी? तेव्हा ट्यूनर लावतोस का?

डेक्कनचा_गिटारिस्ट

काकू, नाही लावत 😄 पण ओढलेला स्वर मी सोलोत घेतो, साथीत नाही. साथीला कॉर्ड सरळच लागते, आणि ब्लूजची मजा त्या दोघांच्या घासण्यातच आहे. म्हणजे घासणं कायम वाईट असं नाही. कुठे घासवायचं ते ठरवून घासवा.

कुवेतरिटर्न_काकू

हे मात्र लाखातलं बोललास.

पेठेतला_पेटीवाला

@रमणबाग_जुना, साहेब, मी पेटी वाजवतो. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर माझ्या वाद्याला बंदी होती, त्यामुळे व्याकरणाचे पहारेकरी मला नवीन नाहीत. व्हायोलिन तरी कुठलं आपलं? एकोणिसाव्या शतकाच्या आसपास दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी उचललं, मग गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांनी त्याला आपल्याकडे गायला लावलं. पुण्यात प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकायला तुम्हीही गेला असालच.

आणि मिश्रण म्हणाल तर मुंबईत १९५८ साली अँथनी गोन्साल्विसनी, म्हणजे गोव्याचा व्हायोलिनवादक, प्यारेलालचे गुरू, मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवरच्या स्वतःच्या रचना वाजवल्या. गायला लता आणि मन्ना डे. अरबांकडेही हेच. १९६४ मध्ये संगीतकार मोहम्मद अब्देल वहाबनी इजिप्तची गायिका उम्म कुल्सुम हिच्या गाण्यात इलेक्ट्रिक गिटार घातली, आणि ते तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक ठरलं. तासभर राग वाजवून दाखवा हे तुमचं म्हणणं मान्य. त्या बाईंनी विशारद केलंय, तेवढं तरी वाचायचं होतं.

रमणबाग_जुना

विशारद म्हणजे काय असतं ते मी परीक्षक म्हणून बघितलंय. जोगांचं मान्य. गोन्साल्विसही मान्य, त्यांनी निदान कागदावर नीट लिहून काढलं होतं. ह्या बाईंनीही आधी रचना लिहून काढावी.

गजवाली

काकू, काल रात्री घोडीला म्यूट लावून (सोसायटीत आधीच एक तक्रार झालीय) फक्त दुसरं बोट टाकत बसले. सरकवायचं नाही म्हटल्यावर कळलं मी किती सरकवते. रमणबाग काका, रचना लिहिलेली आहे, नोटेशनसकट. अडकलंय ते पुढे. आलापीत गिटार थांबवायचीच असं मी ठरवलं. पण मग तो आत येणार कुठून? आणि सोलो वाजवणार कशात? रास्तमध्ये तर त्याला येताच येणार नाही.

कुवेतरिटर्न_काकू

मकामातूनच दार काढ. रास्तमध्ये वर पंचमावर पोचलीस की तिथे रास्तऐवजी नहावंद धर. प ध, कोमल नी, सां रें, आणि वरचा गंधार कोमल. ही वाट मुळातलीच आहे, तू काही नवीन पाप करत नाहीस. नहावंदचे सगळे स्वर गिटारला आहेत. तो तिथे पंचमालाच घर मानून मायनरमध्ये आत येईल, हवं तितकं दोन-पाच-एक (जॅझमधला नेहमीचा कॉर्डचा क्रम) करेल, स्विंग करेल. सोलो संपला की त्याला गप्प बसव, बेसला सा-प वर ठेव, आणि तू एकटी मधल्या गंधारावरून षड्जावर उतर. तो गंधार तेव्हा ऐक कसा लागतो. इतका वेळ कोमल ऐकून झाल्यावर.

'जॅझ सहारा' नावाची १९५८ ची रेकॉर्ड आहे, अहमद अब्दुल-मलिक यांची. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर बेस वाजवायचे ते. टेनर सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स, आणि त्यांच्या जोडीला व्हायोलिन, उद, कानून. पियानो नाही, गिटार नाही. कॉर्ड धरणारं कुणी ठेवलंच नाही. तुझ्या बँडला ऐकव.

आता स्विंग. तू बोलली नाहीस, पण मला माहितेय, गिटारच्या सोलोनंतर तुलाही चार आवर्तनं वाजवावीशी वाटणार. तिथे डावा हात विसर, सगळं गजात आहे. आपला गज लांब, एका गजात आख्खी मींड. स्विंगला तो जड पडतो. जॅझ व्हायोलिनवाला ग्रापेली ऐक, गिटारवाल्या जँगो राइनहार्टबरोबर पॅरिसमध्ये १९३४ पासूनचा. गज थोडा, मधल्या भागात, आणि दोन-दोन स्वर एका गजात, पण जोडी मात्रेवर सुरू करायची नाही. मात्रेच्या अलीकडच्या अर्ध्यावरून उचलायची आणि मात्रेवर टाकायची. पहिल्यांदा गज उलटा पडल्यासारखा वाटेल.

गजवाली

दार सापडलं! पंचमावरून नहावंद आत्ताच वाजवून बघितलं. बेसवाला खूश होईल, त्याला शेवटी काहीतरी करायला मिळालं.

एकच राहिलं. समाई. काहोनवाला तबल्यातला आहे, तो म्हणतो दहा मात्रा म्हणजे झपताल, टाक. पण रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की मध्येच कुठेतरी आम्ही सांडतो.

कुवेतरिटर्न_काकू

कुठे सांडता ते न ऐकता सांगते. सहाव्या मात्रेवर.

झपतालात सहावर खाली. ती ना, डग्गा बंद. समाईत पहिल्या मात्रेवर दुम, चौथीवर तक, सहा आणि सातवर लागोपाठ दोन दुम, आठवर तक. म्हणजे तुमचा हात जिथे जन्मभर हलका पडत आलाय तिथेच त्यांचे दोन जड ठोके. काहोनवाला त्या जागी बोटांनी टिचक्या मारत असणार, आणि तुझ्या कानात रेकॉर्डिंगचा दुम. दोन वेगळे ताल एकाच लयीत, मग सांडणार नाही तर काय.

त्याला म्हणावं झपताल डोक्यातून काढ. तीन-दोन-दोन-तीन असं म्हण आणि नुसत्या टाळ्या दे. सहा-सातला काहोनच्या मधोमध, तळव्यानं. बाकी मात्रा रिकाम्या सोडायच्या, भरायच्या नाहीत. तबलेवाल्याला रिकामी मात्रा बघवत नाही, तेवढं सांभाळ. गिटारलाही सहा-सात मोकळे ठेवायला सांग.

गजवाली

काकू, अगदी तिथेच सांडतो 😳 आणि समाईचा चौथा खाना, म्हणजे भाग? तो तर दहाचा वाटतच नाही.

कुवेतरिटर्न_काकू

नसतोच. पहिले तीन खाने दहात, प्रत्येकानंतर तस्लीम, म्हणजे ध्रुवपदच म्हण. चौथ्यात बहुतेक वेळा ताल बदलतो, तीनच्या किंवा सहाच्या चालीत जातो आणि लय वाढते. मग पुन्हा दहात येऊन तस्लीम, आणि संपलं. काहोनवाल्याला तिथे खुशाल दादरा वाजवू दे, एवढ्या वेळ रिकाम्या मात्रा सांभाळल्याबद्दल. फक्त दादऱ्यातून दहात परत येताना कोण खुणावणार ते आधी ठरवा. तू गजानं खुणाव. गिटारवाल्यावर सोपवू नकोस, तो तेव्हा डोळे मिटून असेल.

डेक्कनचा_गिटारिस्ट

हे अन्यायकारक आहे, पण खरं आहे.